वाण्यांचा खड्डा

"वैनी, आज हे मिटवून टाकायचं," दादू खिलारे अंगणात उभा राहून म्हणाला.

त्याच्या एका हातात घमेलं होतं आणि काखेत कीड मारायच्या पावडरीची पिशवी. पाऊस भुरभुरत होता म्हणून पिशवीवर त्यानं खताचं रिकामं पोतं पांघरलं होतं. मी चुलीपुढून उठून दारात आले. हात पिठाचे होते, ते तसेच धरून उभी राहिले.

"मामा दवाखान्यात हायत, भावजी."

"ठावं हाय. म्हातारा घरात असता तर मला खड्ड्याजवळ उभं केलं नसतं. म्हणून तर आज आलोय. खोटं कशाला बोलू?"

दादू तसा सरळ माणूस. त्याचं रान आमच्या परड्याला लागून होतं. त्यानं सोयाबीन पेरलं, उगवून आलं, आणि बांधाकडच्या ओळीच्या ओळी रातोरात कुरतडून पडल्या. त्यानं दुबार पेरलं. परत तेच. माती उकरून बघितली तर खाली वाणीच वाणी.

वाणी म्हणजे तो शेकडो पायांचा लांबडा किडा. हात लावला की पैशासारखा वेटोळं करून पडतो. आमच्या परड्यात त्यांचा खड्डा होता. तो माझ्या सासऱ्यांनी केला होता, हौसेनं. त्यांना मी मामा म्हणायचे.

"मामा येऊ देत. त्यांच्यापुढं काय ते ठरवू," मी म्हणाले.

"तवर ऱ्हायलेलं पण खाऊन जातील. माझ्या घरात माठात पडत्यात, हातरुणात येत्यात. हौसाच्या तर कालवणात पडला परवा. तुमच्या वसाहतीतली माणसं पण म्हणत्यात, टाक पावडर. आता तुमीच सांगा."

मला काय सांगायचं होतं? मला स्वतःला ते किडे नको होते. दादूनं माझ्या मनातलंच आणलं होतं पिशवीत भरून. मी नुसतं आत जाऊन भाकरी थापायला बसले असते, तरी काम झालं असतं. कुणी मला बोल लावला नसता. सासरे ताप फुप्फुसात उतरला म्हणून तालुक्याच्या दवाखान्यात, नवरा त्यांच्या उशाशी. एकटी बाई गड्यामाणसाला कशी अडवणार?

आमचं मूळ गाव वर घाटात, जंगलात. धरणानं ते गेलं. आम्हाला इथं खाली, देशावर आणून टाकलं. माळ सगळा. कुदळ मारली की ठिणगी उडायची आणि मूठभर मुरूम निघायचा. त्यावर पत्र्याच्या घरांची रांग आणि एक बोअर. वसाहत म्हणायचे तिला. गावाला नाव असतं, हिला तेही नव्हतं.

निघायच्या दिवशी दोन घरांत मिळून एक ट्रक होता. माझं जातं राहिलं, सागवानी पेटी राहिली. तांबू गाय राहिली. व्यायला आलेली होती. ड्रायव्हर म्हणाला, जनावर चढवणार नाही, जागा नाही. मी पाया पडायची तेवढी राहिले. आणि बघते तर मामा घरामागच्या रानातून पोती भरून आणतायत आणि ट्रकात ढकलतायत. पोत्यांत काय, तर कुजका पाला. काळा, ओला, वाण्यांनी भरलेला.

मी काही बोलले नाही. सुनेनं बोलायचं नसतं. पण ट्रक सुरू झाला तेव्हा तांबू दावं ताणून हंबरत होती, आणि मी त्या पोत्याला टेकून बसले होते. वाणी माझ्या पदरावर चढत होते. त्या दिवसापासून त्या किड्यांचा मला जो राग बसला, तो बसलाच.

इथं आल्यावर मामांनी लिंबाच्या सावलीला दगड रचून खड्डा केला. शेजारच्या गावात उसाचं पाचट लोक पेटवून द्यायचे. ते ओढून आणलं, तुरीच्या काटक्या, दुकानातले पुठ्ठे, देवळातल्या नारळाच्या शेंड्या आणि करवंट्या, सगळं थरानं भरलं आणि पोती त्यात ओतली. लोक हसले. आधी वाणी मेले पुष्कळ. मग काही जगले. पाचट वाळलेलं, करकरीत, त्याला दुसरं कुणी तोंड लावत नाही. वाणी मात्र ते सावकाश कुरतडत राहतात आणि खाली काळ्या बारीक लेंड्या टाकतात, धुतलेल्या मोहरीसारख्या. वर्ष जातं त्यात. ती काळी माती हातात घेतली की जंगलाचा वास यायचा. मामांनी तिच्यात मिरचीचं तरू लावलं, वांगी लावली. मुरमावर हिरवं दिसलं ते आमच्या परड्यात पहिल्यांदा.

पण खड्डा ओला ठेवावा लागायचा. उन्हाळ्यात बोअरला धार करंगळीएवढी. तिथं रांग लावून मी घागर आणायची, त्यातली अर्धी मामा खड्ड्यावर शिंपडायचे. एकदा मी म्हणाले होते, "माणसाला प्यायला न्हाई आन किड्यांना पाणी घालताय."

मामा म्हणाले, "जंगलात खत कोण घालीत होतं गं? ह्येंनीच केली व्हती सगळी माती. हितं बी करतील. जरा दम धर."

दम धरून धरून माझा दमच गेला होता. सकाळी उठताना अंग उठायचं नाही. नवरा, ज्ञानदेव, गवंड्याच्या हाताखाली जायचा. संध्याकाळी येऊन भिंतीकडे तोंड करून पडायचा. आम्ही तिघं एका घरात तीन थकलेली जनावरं असल्यासारखे राहात होतो.

आणि त्या वर्षी पाऊस चांगला लागला. वाण्यांना इतक्या वर्षांत पहिल्यांदा हवं तसं मिळालं. ते खड्ड्यातून उतू गेले.

दादू खड्ड्याकडे निघाला. त्यानं घमेलं खाली ठेवलं, पिशवीचं तोंड सोडलं. मी त्याच्या मागं गेले. त्यानं वरचं पाचट पायानं बाजूला केलं. खाली ते होते, एकात एक गुंतून, तांबूस काळे, उघड्यावर आल्यामुळं सावकाश आत सरकायला लागलेले. कुणालाही घाई नव्हती. त्यांना पळता येतच नाही.

मी पुढं झाले आणि पिशवीचं तोंड मुठीत धरलं.

"दिवस मावळेपर्यंत थांबा," मी म्हणाले.

"काय हुनार हाय त्यानं?"

"मी हलवते. वर टेकाडावर त्या झाडांसाठी मारलेले खड्डे हायत न्हवं, मोकळे पडलेले. तिथं नेऊन टाकते. तुमच्या रानापासनं लांब."

दादू माझ्याकडं बघत राहिला. "येडं लागलंय का वैनी? किती हायत ते? आन टेकाड काय जवळ हाय?"

"मावळतीला या. ऱ्हायले असतील त्यांच्यावर टाका पावडर. मी काय म्हणणार न्हाई."

का म्हणाले असं, तेव्हा मलाच कळलं नाही. दादू कपाळाला हात लावून गेला.

टेकाडावर कधीकाळी सरकारनं झाडं लावली होती. झाडं वाळून गेली, खड्डे तेवढे राहिले. मी पाटीत ओलं पाचट घातलं आणि हातानं वाणी भरायला लागले. करवंटी उचलली की खाली पुंजकाच असायचा. पहिल्यांदा किळस आली. मग हात आपोआप चालायला लागले. त्यांच्या अंगाचा एक उग्र वास येतो, औषधासारखा, आणि हाताला पिवळे तांबडे डाग पडतात. पाटी भरली, डोक्यावर घेतली, वर पोतं पांघरलं आणि चढायला लागले.

चिखल नव्हता, मुरूमच तो; पण निसरडा झालेला. वरच्या खड्ड्यांत पावसाचं पाणी मुरलं होतं, गवत कुजलं होतं. एका खड्ड्यात पाटी उलटी केली, वर पाचट दाबलं, परत उतरले. परत भरली. कमरेत कळ निघाली ती मांडीपर्यंत गेली.

एका खेपेला उतरून आले तर खड्ड्यापाशी हौसाक्का उभी. दादूची बायको. डोक्यावर इरलं, हात कमरेवर. आमचं तिचं कधी सरळ बोलणं नव्हतं. बोअरवर भेटलो तर ती तोंड फिरवायची.

"खरंच नेतीस का बांधापलीकडं टाकतीस, बगाय आले," ती म्हणाली.

"बगा की."

मी भरत राहिले. ती बघत राहिली. मी पाटी उचलायला गेले आणि उचलली जाईना. दोनदा गुडघ्यापर्यंत आणून खाली ठेवली. हौसाक्कानं पुढं होऊन एका बाजूनं हात दिला. पाटी डोक्यावर चढली. मी चार पावलं गेले असेन, मागून आवाज आला, "थांब."

तिनं दादूचं घमेलं घेतलं होतं. पाचटाचा एक गठ्ठा, वाण्यांसकट, तिनं फावड्यानं त्यात ओढला. हात लावला नाही. चेहरा वाकडा करून घमेलं डोक्यावर घेतलं आणि माझ्यापुढं चालायला लागली.

वाटेत एक वाणी घमेल्यातून उतरून तिच्या मनगटावर आला. ती अशी किंचाळली की मी पाटीसकट पडायची राहिले. घमेलं टाकून ती हात झटकत नाचली. वाणी कधीच खाली पडला होता, वेटोळं करून.

"चावतो का गं?"

"न्हाई चावत."

"कानात जातो म्हणत्यात."

"ती गोम. ह्यो गरीब हाय."

हौसाक्का खाली बसून त्या वेटोळ्याकडं बघत राहिली. मग एकदम हसायला लागली, स्वतःलाच. मीही हसले. किती महिन्यांनी हसले कुणास ठाऊक, पोटात दुखलं.

सांडलेलं परत भरून घेतलं. वर टेकाडावर आम्ही पाटी आणि घमेलं रिकामं केलं आणि दम खात बसलो. खाली सगळी वसाहत दिसत होती, पत्रे पावसात चमकत होते. हौसाक्का इरल्याच्या आतून बघत होती.

"तुमच्या घराजागी काय होतं ठावं हाय का तुला?" ती म्हणाली.

"काय?"

"माझ्या सासऱ्याचा वाडगा. मेंढरं बसायची तिथं, पावसाळाभर. लिंब आमच्या आजेसासूनं लावलेला. तुमास्नी जमीन द्यायची म्हणून आमची काढून घेतली. धरणाचं पाणी मिळणार म्हणाले आमाला, म्हणून." तिनं हातातली काडी मोडली. "पाणी काय अजून आलं न्हाई. मेंढरं इकली. सासरा त्या दुःखानं गेला. आमी कुणाचं काय केलं व्हतं?"

मला हे माहीत नव्हतं. इतकी वर्षं एका बांधाला राहून मला हे माहीत नव्हतं. मी त्या बाईला माजोरी समजत होते. आमच्या येण्यानं कुणाचं काही गेलं असेल, हे माझ्या मनातच कधी आलं नव्हतं. आपलंच एवढं गेलेलं असतं.

"आमाला कुणी सांगितलं न्हाई, आक्का," मी म्हणाले.

"आमाला तरी कुणी इचारलं?"

पाऊस जरा वाढला. मग तीच उठली. "चल. ते मावळतीला येतील पावडर घेऊन."

त्यानंतर किती खेपा झाल्या मोजल्या नाहीत. बोलणंही झालं नाही. एक भरायची, एक उचलायला हात द्यायची. शेवटी शेवटी हौसाक्का हातानंच वाणी वेचत होती, पदर नाकाला लावून. दिवस मावळला तेव्हा खड्ड्यात नुसता ओला तळ उरला होता. दादू आला, वाकून बघितलं, बायकोच्या पिवळ्या झालेल्या हातांकडं बघितलं. बांधाच्या कडेनं पावडरीची एक रेघ ओढली आणि घरी गेला.

मी भाकरीच्या पिठाची परात तशीच झाकून झोपले.

आठवड्यानं मामा आले. ज्ञानदेवानं त्यांना एस.टी.तून उतरवून जवळजवळ उचलूनच आणलं. हाडं राहिली होती. अंगणात आल्याबरोबर ते घरात न जाता परड्याकडं वळले. मी मागं गेले. रिकाम्या खड्ड्याच्या दगडावर ते बसले. तळाकडं बघत राहिले.

"पावडर टाकली?" त्यांनी विचारलं. आवाज नव्हताच.

"न्हाई मामा. वर टेकाडावर नेलेत. त्या झाडांच्या खड्ड्यांत."

"कुणी?"

"मी आन हौसाक्कानं."

त्यांनी मान वर केली. माझ्याकडं नीट बघितलं. सून म्हणून घरात आल्यापासून त्यांनी मला असं बघितलेलं आठवत नाही.

"दमलीस?" ते म्हणाले.

एवढंच. पण त्या शब्दानं माझं काय झालं, सांगता येत नाही. आजवर कुणी विचारलंच नव्हतं ते. मी तिथंच मुरमावर बसले आणि रडायला लागले. ज्ञानदेव दारातून पुढं आला, तसाच परत फिरला.

"लई दमले मामा," मी म्हणाले. आणि मग जे इतकी वर्षं गिळलं होतं ते बाहेर आलं. "तांबूला जागा न्हवती ट्रकात. तुमच्या पोत्यांना होती."

मामांना खोकला आला, तो निघून जाईपर्यंत थांबले.

"माळ मी आधी बगून आलो व्हतो," ते म्हणाले. "जमीन दाखवाय नेलं व्हतं आमाला. गवताची काडी न्हवती गं हितं. तांबूला काय घातलं असतं? आपल्या डोळ्यादेखत गेली असती ती. वाण्यांना काय, वाळला पाला बी चालतो. ज्येला जगवता येईल त्येलाच आणलं."

"मला सांगायचं तरी."

"काय सांगू? तुझ्या त्वांडाकडं बगवत न्हवतं."

त्यांनी पंच्यानं डोळे पुसले. मग माझा हात ओढून घेतला, तळव्यावरचे पिवळे डाग बघितले आणि म्हणाले, "ह्ये जातील म्हैन्याभरात."

मामा त्या थंडीत गेले. टेकाडावर त्यांना जाता आलं नाही. मी आणि हौसाक्का अधूनमधून जायचो, पाचट टाकून यायचो. बऱ्याच खड्ड्यांतले वाणी नाहीसे झाले. काही खड्ड्यांत टिकले. तिथली माती काळी व्हायला लागली, तिच्यात हौसाक्कानं सीताफळाच्या बिया टोचल्या, मी करंज लावला. सगळं आलं नाही. काही आलं.

मामांचं वर्षश्राद्ध झालं आणि ज्ञानदेवानं विषय काढला. इचलकरंजीत मागावर काम मिळत होतं, खोली बघून ठेवली होती. "हितं काय ठेवलंय आता? म्हातारा होता तवर ठीक होतं. चार भांडी भर, निघू."

मी भांडी भरायला घेतली. नेहमीसारखीच. हौसाक्काला कळलं तशी ती आली आणि उंबऱ्याबाहेरच बसली. मला वाटलं, राहा म्हणेल. तसं ती म्हणाली नाही.

"जातीस?"

"जाते आक्का."

"जमीन आमाला परत मिळायची न्हाई," ती म्हणाली. "तुमी गेला तरी न्हाई. नुसती पडून ऱ्हाईल. आमची हुती तवा मेंढरं हुती तिच्यावर. तुमची झाली तवा तुझा सासरा व्हता. आता कुणाचीच न्हाई म्हणून पडलेली मला बगवायची न्हाई बग." आणि उठून गेली.

मी हातात पातेलं घेऊन उभी होते. आणि तेव्हा कुठं मला कळलं, त्या पावसात मी दादूच्या पिशवीचं तोंड का धरलं होतं ते. वाण्यांची दया आली म्हणून नव्हे. मामांच्या धाकानं तर नव्हेच. मी थकले होते ते कामानं नव्हते थकले. टाकून येण्यानं थकले होते. गाव टाकलं, घर टाकलं, गाय टाकली. दरवेळी कुणीतरी दारात येऊन सांगायचं आणि मी पदर खोचून भांडी भरायला लागायचे.

"मी येत न्हाई," मी ज्ञानदेवाला म्हणाले.

"म्हंजे?"

"तुमी जावा. काम करा. सुट्टीला येत जावा. मी हितंच ऱ्हाणार."

"एकटी? ह्या माळावर?"

"एकटी कशी? आक्का हाय."

तो चिडला, मग समजूत घालायला लागला, मग चिडला. मी पातेली परत फळीवर लावत राहिले. शेवटी तो गेला. पहिले काही महिने रागात होता, मग सुट्टीला यायला लागला, मग एका सुट्टीला आला तो परत गेलाच नाही. शेजारच्या गावातच गवंडीकाम धरलं त्यानं.

लग्नाकार्यात कुणी विचारलं, बाई गाव कुठलं, तर मी पाण्याखाली गेलेल्या गावाचं नाव सांगायचे. विचारणाऱ्याला ते माहीत नसायचं. मग मी धरणाचं नाव सांगायचे, मग तो "हां हां" म्हणायचा. ते कधी थांबलं, मला आठवत नाही. या माळाला हौसाक्काच्या घरचे 'वाडग्याचा माळ' म्हणतात. आता कुणी विचारलं तर मी तेच सांगते.